पिवळीला झोप का येईना

१

सानगडीच्या भय्याजींची पिवळी बुधवारी सकाळी चौथ्यांदा मेली, आणि या खेपेला आळ सरळ रीना रामटेकेच्या डोक्यावर आला.

पिवळी म्हणजे गाय नव्हे, मोटार. इटलीची, दोनच माणसं बसतील अशी, पोट जमिनीला टेकवून चालणारी आणि हळदीसारखी पिवळीजर्द. भय्याजींच्या भाताच्या दोन गिरण्या. पैसा होता, हौस त्याहून मोठी होती. हैदराबादेतून त्यांनी ती सेकंडहँड आणली. रविवारी साकोलीच्या हायवेवर ती पळवायची, आणि गावातून हायवेपर्यंत नेताना पुढे मोटारसायकलवर एक माणूस धाडायचा, कुठे खड्डा पडला आणि कुठे ब्रेकर वाढला ते बघायला. गाडी ताशी तीनशेची, पण गावातून चालायची बैलबंडीच्या मागे. पिवळी हे नाव गावानंच ठेवलं होतं, आणि भय्याजींना ते मनातून आवडतही होतं.

महाशिवरात्र झाली आणि तिला रोग लागला. संध्याकाळी धडधाकट उभी केलेली गाडी सकाळी ठार. दिवा नाही, हॉर्न नाही, दाराचा खटका नाही. बॅटरीतला सगळा करंट कुणीतरी पिऊन टाकलेला. पहिल्या वेळी बॅटरी जुनी झाली असेल म्हणून भय्याजींनी रीनाला बोलावलं. बाजारात तिचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. आयटीआय केलेली पोरगी, ट्रॅक्टरचा डायनॅमो डोळे मिटून खोलणारी. तिनं कंपनीची सीलबंद नवी बॅटरी लावली. दुसऱ्या दिवशी ती ठार. मग तिसऱ्यांदा. आणि आता चौथ्यांदा.

भय्याजी दुकानासमोर आले तेव्हा बाजार भरत होता. त्यांनी मुद्दामच ती वेळ साधली असावी. त्यांच्या हातात लिहून आणलेला कागद होता.

"सही कर याच्यावर," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले.

रीनानं वाचलं. 'मी जुनी बॅटरी नवी म्हणून विकली. माझी चूक झाली.' खाली तिच्या नावासाठी जागा सोडली होती.

"हे खोटं हाये, भय्याजी."

"मंग खरं काय हाये ते सांग ना! तीन खेपा आली तू, तीन खेपा मीटर लावला, अन् तिन्ही खेपा म्हनली का गाडीत काही नाही. गाडीत काही नाही त बॅटरीतच असन ना? शुक्रवारी दुपारी नागपूरहून कंपनीचा इंजिनिअर ट्रक घेऊन येऊन राहिला. त्याच्या आधी सही पाह्यजे. नाही केली त मीच हा कागद बाजारात वाचून दाखवीन."

दुकानावर दोन ट्रॅक्टरवाले आपापल्या बॅटऱ्या चार्जिंगला ठेवून उभे होते. त्यातला एक काही न बोलता आपली बॅटरी उचलून चालता झाला. रीनाला ते कागदाहून जास्त लागलं. दुकानाचं नाव व्हायला बारा वर्षं लागतात, जायला एक सकाळ पुरते. त्या कागदावर सही म्हणजे शटर ओढून घेणं, हे तिला आणि भय्याजींना, दोघांनाही पक्कं ठाऊक होतं.

तिनं कागदाची घडी घातली आणि भय्याजींच्या खिशात परत ठेवली.

"सही होनार नाही. शुक्रवार दुपारपर्यंत तुमच्या गाडीचा चोर दाखवीन. अन् दाखवला, त कागद तुमी लिहाचा. असाच, चारचौघांत."

भय्याजी हसले. मागे बाजारही हसला. बोलून तर बसली होती, पण चोर कोण, कुठला, याचा तिला काडीचा पत्ता नव्हता.

२

आता रीनाला काय ठाऊक होतं ते सांगितलं पाहिजे, नाहीतर वाचणाऱ्यावर अन्याय होईल.

अशा गाड्यांच्या पोटात लहान लहान कॉम्प्युटर असतात. कुलूप लावलं की ते लगेच झोपत नाहीत. वीसेक मिनिटं जागे राहतात, मग एकेक करून पेंगतात. सगळे झोपले की गाडी इतका थोडा करंट घेते की बॅटरी महिनाभर टिकावी. पण एखादा जरी जागा राहिला तर तो इतरांनाही झोपू देत नाही. जागी गाडी सतत सहा ॲम्पिअर करंट पिते आणि सकाळपर्यंत बॅटरीचा चोथा करते. म्हणजे पिवळीला कुणीतरी जागं ठेवत होतं.

पण रीनानं तिन्ही वेळा, गाडीवर नवीन काही लावलं का असं विचारून, मीटर लावून, वीस मिनिटं थांबून पाहिलं होतं. तिन्ही वेळा गाडी तिच्यासमोर गुमान झोपली होती. करंट शून्य पूर्णांक शून्य तीन. बाळसुद्धा इतकं शहाण्यासारखं झोपत नाही.

बुधवारी अकरा वाजता तिनं स्कूटी काढली. निघण्याआधी फोन केला. हा भय्याजींचा नियम होता: येण्याआधी फोन करायचा, आणि गिरणीच्या फाटकावर थांबायचं. तिथे दहा मिनिटं उभं राहिल्यावर आतून हाक यायची. श्रीमंतांच्या घरी चावीसुद्धा सावकाश सापडते, असं म्हणून रीनानं आजवर ते सोडून दिलं होतं.

गॅरेज गिरणीला लागून, घराच्या मागल्या दाराशी. गाडीची डावी बाजू भिंतीकडे, मध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढी जागा. भाताचा बारीक कोंडा दिवसभर उडून गाडीवर बसायचा. तिथे तिनं एकेकाला गाठलं.

भय्याजींचा मुलगा मोनू पहिला. त्यानं काचेमागे कॅमेरा बसवला होता. "दीदी, तो तर तुमीच दुसऱ्या वेळी काढला ना? तरी मेली ना गाडी." खरं होतं. तो कॅमेरा रीनाच्या दुकानातच पडून होता.

दुसरा मधुकरराव, गिरणीचा मुनीम. त्याच्या साडूचं साकोलीत बॅटरीचं दुकान. तो तिच्याकडे न बघताच म्हणाला, "मी भय्याजीले पहिल्याच दिवशी म्हनलं होतं, इटलीच्या गाडीले सानगडीचा मिस्त्री कायले? पन माया शब्द कोन ऐकते?" माणूस खवचट होता, पण गाडीजवळ तो कधी जात नव्हता. कोंड्यानं त्याला दमा व्हायचा.

तिसरा ड्रायव्हर जीवन. गाडी पुसणं, गॅरेजमध्ये लावणं हे त्याचं काम. मोबाईलचा चार्जर तो गाडीत विसरायचा, म्हणून तिसऱ्या वेळी रीनानं त्याला झापलं होतं.

"जीवनदादा, चार्जर काढला का?"

"काढला ना ताई. मायी आन."

"मी गेल्यावर कोनी गाडी खोलते का?"

"नाही." मग थोडं थांबून तो म्हणाला, "खोलत नाही कोनी." आणि तो जमिनीकडे बघायला लागला.

ओट्यावर भय्याजींची आई, सत्यभामाबाई, लाखोरीची डाळ निवडत बसली होती. ऐंशीच्या घरातली, ताठ. रीना ओट्याच्या खाली उभी राहून बोलली, आणि म्हातारीनं सूप आणखी थोडं आपल्याकडे ओढून घेतलं.

"नजर लागली हाये गाडीले," ती म्हणाली. "मांगं म्हशीले घासता घासता वाचली. तवापासून मी करतो जे कराचं ते. तुमच्या मीटरले काय समजते, बाई?"

रीनाला आजवर बऱ्याच जणांनी हे ऐकवलं होतं. तिनं लक्ष दिलं नाही, आणि तीच तिची पहिली चूक झाली.

३

चोर आपण असताना येत नाही, तर आपण नसताना पहारा ठेवायचा. भंडाऱ्याच्या आयटीआयतल्या जुन्या सरांकडून रीनानं करंटची नोंद ठेवणारा मीटर मागून आणला होता. किती वाजता किती करंट गेला, याची तो रेघ काढत राहतो. तिनं तो बॅटरीच्या तारेला लावला, बारीक वायर बाहेर काढून मीटर भिंतीवरच्या खिळ्याला टांगला. बॅटरी मध्येच मरून नोंद तुटू नये म्हणून ट्रॅक्टरची मोठी बॅटरी तिच्या जोडीला दिली. बाराला गाडीला कुलूप लावलं आणि ती निघाली.

अर्ध्या वाटेवर आठवलं, टेस्टर गॅरेजमध्येच राहिला. परतली. या वेळी फोन केला नाही, पण फाटकावरच्या माणसानं अडवलंच. मग जीवन स्वतः टेस्टर घेऊन धावत आला. त्याच्या दुसऱ्या हातात रिकामी बादली होती आणि पायजम्याचे पाय ओले.

"काय करून राहिला, दादा?"

"गाडी धुतली."

फाटकातून गॅरेजचं तोंड दिसत होतं. पिवळीच्या टपावर कोंड्याचा थर तसाच होता. सकाळी रीनाचं बोट लागून उमटलेली रेघसुद्धा तशीच. ओली होती ती फक्त फरशी, आणि तीही नेमकी तेवढीच, जिथं ती तासभर बसून काम करत होती.

तिला काहीतरी खटकलं. पण काय, ते लगेच धरता येईना.

गुरुवारी सकाळी सव्वादहाला तिनं फोन केला, साडेदहाला फाटकावर पोचली, दहा मिनिटं उभी राहिली आणि आत गेली. गाडीला हात न लावता थेट मीटरपाशी गेली.

रेघ स्वच्छ होती. काल बाराला कुलूप, बारा वीसला गाडी झोपली. बारा बेचाळीसला रेघ एकदम सहा ॲम्पिअरवर चढली आणि तिथेच राहिली. संध्याकाळ, रात्र, पहाट, सकाळ. बावीस तास पिवळी टक्क जागी होती.

सापडलं! मीटरवर आताही सहाच दिसत होतं. तिनं ठरवलं, आता एकेक फ्यूज बघायचा, आणि जिथं करंट पळतो तो धागा धरायचा.

ती पिशवीतून टेस्टर काढतच होती, तेवढ्यात, तिनं गाडीला बोटही लावलं नसताना, आकडा पडायला लागला. सहावरून चार, चारवरून एक, आणि मग शून्य पूर्णांक शून्य तीन. तिच्या डोळ्यांदेखत पिवळी झोपली.

रीना भिंतीला पाठ लावून उभी राहिली. तिनं मोबाईलवर वेळ पाहिली. दहा त्रेचाळीस. गाडीला झोपायला वीस मिनिटं लागतात. म्हणजे ज्यानं तिला जागं ठेवलं होतं, तो दहा तेवीसला गाडीपासून दूर झाला. तिनं फोन केल्यानंतर आठ मिनिटांनी, आणि ती फाटकावर पोचण्याच्या आधी.

"हा करंट," ती स्वतःशीच म्हणाली, "मले पाहून लपून राहिला."

४

तिचे वडील चिंधूजी वीज मंडळात लाइनमन होते. तीस वर्षं खांबांवर काढली, आता गुडघे गेले. दुपारी अंगणात मोहफुलं वाळत घातली होती, त्यांच्यावरून कोंबड्या हाकलत ते बसले होते. रीनानं सगळं सांगितलं. फाटक, फोन, ओली फरशी, रेघ.

चिंधूजी म्हणाले, "कोंढ्याकडं माया ड्यूटी होती तवाची गोष्ट. एका घरी मीटर बसवला. दुसऱ्या दिवशी शॉर्ट. परत बसवला, परत शॉर्ट. तीन खेपा. लाइनमनले काम येत नाही म्हनून अर्ज गेला मायावर. सायबानं बोलावून झापलं."

"मंग?"

"चवथ्या खेपेले मी काम करून त्यांच्या घराजवळच्या खांबावर चढलो, तार कसाले. वरून पाह्यलं. घरचा बुढा लोटा घेऊन आला अन् मीटरवर पानी शिपडून राहिला. मी हात लावलेला मीटर ना तो. शुद्ध करून राहिला होता बिचारा." चिंधूजी हसले, पण ते हसणं काही चांगलं नव्हतं. "नव्या मीटरमंदी पानी गेल्यावर काय होईन?"

रीनाच्या हातातला चहा तसाच राहिला. एकेक गोष्ट आपापल्या जागी जाऊन बसली. फाटकावरची दहा मिनिटं. जीवनची खाली गेलेली नजर. ती बसली होती तेवढीच फरशी धुतलेली. छप्पन साली आजोबा नागपूरला दीक्षा घेऊन आले, त्याला किती वर्षं झाली, आणि अजून लोटा काही खाली ठेवला नव्हता कुणी.

"तुमी काय केलं मंग, बाबा?"

"काय करतो? मीटर उंच बसवला. बुढ्याचा हात पुरनार नाही एवढा."

"त्याले बोलले नाही?"

"नाही बोललो." चिंधूजींनी एका कोंबडीकडे काडी फेकली. "नोकरी होती. तू लहान होती. आता वाटते, बोलाले पाह्यजे होतं." मग त्यांनी पोरीकडे सरळ पाहिलं. "तुले बोलता येते. तू बोल."

पण गाडीवर पाणी शिंपडल्यानं करंट बावीस तास वाहत नाही, हेही रीनाला ठाऊक होतं. आणि तो आपोआप थांबत तर मुळीच नाही. कुणीतरी गाडीवर काहीतरी ठेवत होतं आणि ती येण्याआधी उचलून नेत होतं. काय ते मात्र कळत नव्हतं. शुक्रवार उजाडायला एक रात्र उरली होती.

५

शुक्रवारी रीनानं फोन केला नाही. फाटकावरही गेली नाही. स्कूटी दुकानातच ठेवून ती तलावाच्या पाळीवरून चालत निघाली आणि गिरणीच्या मागल्या अंगाला, जिथं भाताची पोती उतरतात, तिथून आत शिरली. हमालांनी तिच्याकडे पाहिलं, पण अडवलं नाही कुणी.

गुरुवारी निघताना तिनं दुसरी चार्ज केलेली बॅटरी जोडून मीटर भिंतीवर तसाच ठेवला होता; त्यावर सहा ॲम्पिअर होते. ती गाडीच्या डाव्या बाजूला, त्या अरुंद जागेत शिरली. या बाजूच्या दाराकडे तिनं आजवर नुसती नजर टाकली होती. तिथे कधी काही नसायचंच.

आज होतं. दाराच्या मुठीला लाल-पिवळा जाड धागा बांधला होता. नऊ वेढे, घट्ट, वर गाठ, गाठीवर कुंकू. 'मी करतो जे कराचं ते,' हे म्हातारीचं बोलणं तिला आता समजलं.

आपल्याकडच्या गाड्यांची मूठ ओबडधोबड असते, तिला दोरखंड बांधला तरी तिचं काही बिघडत नाही. पिवळीची मूठ पातळ पट्टीची, दारात सपाट बसणारी. नऊ वेढ्यांमुळे ती पूर्ण बसत नव्हती. करंगळीच्या नखाएवढी बाहेर राहिली होती, आणि तिच्यामागचं बारीक बटण दाबलेलंच राहत होतं. बिचाऱ्या गाडीला रात्रभर वाटत होतं की कुणीतरी दार उघडायला उभं आहे. मालक दाराशी उभा असताना झोपणार तरी कशी? चालत्या गाडीला काही फरक पडत नव्हता, कारण चालती गाडी जागीच असते.

रीनानं धाग्याला हात लावला नाही. ती बाहेर आली आणि गिरणीच्या आवाजावर आवाज चढवून तिनं हाक मारली.

"भय्याजी! या! चोर सापडला!"

६

नागपूरचा ट्रक तोवर येऊन थांबला होता. इंजिनिअर लॅपटॉप काखेत मारून उतरला. भय्याजी खिशात तो कागद घेऊनच आले. मोनू, मधुकरराव, जीवन, कामावरचे हमाल, सगळे गोळा झाले. मागल्या दारातून सत्यभामाबाई आली, आणि रीनाला गाडीजवळ पाहून तिचा चेहरा आवळला.

"फोन न करता कशी आली वो तू?"

"त्याच्यासाठीच आली, आजी. फोन केला असता त तो धागा तुमी सोडला असता."

जीवननं मान खाली घातली.

"इंजिनिअर साहेब, या मीटरवर पहा. सहा ॲम्पिअर. आजी, आता तुमच्या हातानं धागा सोडा. मी दूर उभी राहतो, भेऊ नका."

"मी कायले सोडू?"

"सोड, माय," भय्याजी पुटपुटले.

म्हातारीनं धागा सोडला. मूठ टक्कन आत बसली. मग सगळ्यांनी वीस मिनिटं वाट पाहिली, कारण पिवळीला घाई माहीत नव्हती. इंजिनिअर वाकून मुठीचं बटण तपासत राहिला. हमालांनी तंबाखू मळला. भय्याजींनी दोनदा घड्याळ पाहिलं आणि एकदा, "चहा सांगू का?" असं विचारलं. रीना नको म्हणाली. एकोणिसाव्या मिनिटाला आकडा पडायला लागला. सहा, चार, एक, आणि शून्य पूर्णांक शून्य तीन.

"बरोबर आहे," इंजिनिअर म्हणाला. "हँडलचा स्विच. मी तर आख्खा कॉम्प्युटर बदलायला सांगणार होतो."

"झालं मंग!" भय्याजींनी हात झटकले. "एवढासा धागा! कोनाले मालूम होतं? चल पोरी, मिटलं."

"मिटलं कसं? सगळ्याहीले मालूम होतं," रीना म्हणाली. तिचा आवाज चढला नाही, पण थांबलाही नाही. "धागा बांधला हे मोनूले मालूम होतं, जीवनदादाले मालूम होतं, तुमाले मालूम होतं. मी तीन खेपा विचारलं, गाडीवर नवीन काय लावलं? एकानं नाही सांगितलं. काहून? धागा हाये म्हनून सांगितलं असतं त मी म्हनली असती, दाखवा. मंग सांगा लागलं असतं, का रीना आली का आमी तो सोडून ठेवतो अन् रीना गेली का तिची जागा धुवून परत बांधतो. ते सांगाची लाज वाटली. त्याच्यापेक्षा मले चोर म्हननं सोपं होतं."

"ताई," जीवन म्हणाला, "मी सांगनार होतो. तोंडच नाही झालं." त्याचे डोळे भरून आले होते. रीनाला त्याचा राग आला आणि दयाही आली.

"देवाचा धागा हाये," सत्यभामाबाई म्हणाली. "त्याले कोनाचा हात लागू देत नाही मी."

"जीवनदादाचा लागते. मोनूचा लागते. मुनीमजीचा लागला त चालते."

"त्याहीचं वेगळं हाये."

"तेच त विचारून राहिली, आजी. काय वेगळं हाये?"

इतक्या माणसांत तो शब्द काढायची म्हातारीची तयारी नव्हती. मधुकरराव खोकला काढत मागे सरकला.

"म्हाताऱ्या मानसाचं मन राखा लागते, रीना," भय्याजी हळू आवाजात म्हणाले.

"राखा. मी कुठं नाही म्हनलं? धागा बांधाचा त आतल्या आरशाले बांधा, गाडी झोपन. पन मी येईन तवा तो तिथंच राहीन, अन् मी फाटकावर उभी राहनार नाही. जमन त बोलवा, नाही त नागपूर दूर नाही. आता कागद काढा."

"कोनता?"

"तोच. मांगची बाजू कोरी हाये."

भय्याजींनी आजूबाजूला पाहिलं. हमाल जागचे हलत नव्हते. बाजारात हसलेल्यांपैकी दोघं त्यांच्यात होते, आणि आता ते हसत नव्हते. भय्याजींनी पेन काढलं, गाडीच्या टपावर कागद ठेवून लिहिलं आणि रीनापुढे धरलं. 'रीना रामटेके यांनी लावलेली बॅटरी नवी व चांगली होती. गाडी काही कारणाने बंद पडत होती.'

"काही कारन म्हंजे?"

"अवो, आता एवढं—"

"माया कागदावर तुमी कारन लिहिलं होतं ना? जुनी बॅटरी विकली म्हनून? मंग याच्यावरबी लिहा."

भय्याजींचं पेन अडलं. तेव्हा मागून त्यांची आई बोलली, आणि तिचा ताठा जरासुद्धा कमी झालेला नव्हता.

"लिही रे. मी काही चोरी नाही केली लपवाले. ते आली का मी धागा सोडला, गेली का बांधला. लिही. खोटं कायले लिहितं?"

रीनानं म्हाताऱ्या बाईकडे पाहिलं. तिच्या बोलण्यात माफी नव्हती. पण लपवाछपवीही नव्हती, आणि त्या घरात एवढं तरी तिनं एकटीनं केलं होतं. भय्याजींनी एकेक शब्द लिहिला.

"कायले सोडला, तेही लिहा," रीना म्हणाली.

सत्यभामाबाई हातातला धागा गुंडाळायला लागली. भय्याजींनी रीनाकडे पाहिलं, इंजिनिअरकडे पाहिलं, मग वाकून शेवटची ओळ पुरी केली आणि कागद पुढे केला.

"मले नका देऊ. वाचून दाखवा. मायावालाबी तुमी वाचूनच दाखवनार होते ना."

भय्याजी वाचू लागले. बॅटरी नवी होती, चांगली होती. दाराच्या मुठीला धागा बांधला होता, त्यानं गाडी बंद पडत होती. रीना रामटेके आली की तो सोडला जात होता आणि ती गेली की परत बांधला जात होता. इथवर आवाज ठीक होता. पुढचे चार शब्द त्यांनी ओठांतल्या ओठांत म्हटले.

"ऐकू नाही आलं," रीना म्हणाली.

भय्याजींनी घसा साफ केला. "ती बौद्ध आहे म्हणून," त्यांनी पुन्हा वाचलं, आणि या वेळी ते पार फाटकापर्यंत ऐकू गेलं.